पिकअपची पुढची ग्रिल घरी कापताना

पिकअपची ग्रिल बहुधा एबीएस प्लास्टिकची असते आणि ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, म्हणून वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरपेक्षा बारीक दातांचे हॅक्सॉ पाते हाताने चालवणेच मला योग्य वाटते. ग्रिल गाडीवरून उतरवावी, मास्किंग टेपवर रेष आखावी आणि रेषेपासून २ मिलिमीटर टाकाऊ भागाकडे सरकून कापावे. राहिलेले कानशीने घासता येते, पण जास्त कापलेले परत जोडता येत नाही. क्लिपा बसतात ते कान मुळीच कापू नयेत. कडा २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्लास्टिक प्रायमर मारल्यावरच रंग द्यावा. कापून मोकळ्या झालेल्या जागेत मागून बसवायची ॲल्युमिनियमची जाळी मोठ्या छिद्रांची निवडावी, कारण रेडिएटरला हवा कमी पडली तर भरलेल्या गाडीचे इंजिन घाटात तापते.