खाऱ्या पाण्यातला आजारी मासा खात नाही? या चुका टाळा

मरीन टँकमधल्या माशानं खाणं सोडलं की आपण पहिल्यांदा खाद्य बदलतो. पेलेट नको असतील तर फ्लेक्स, ते नकोत तर फ्रोझन. पण आजारी समुद्री मासा पुष्कळदा श्वास पुरत नाही म्हणून खात नाही. दम लागलेल्या माणसापुढे कितीही आवडीचं ताट ठेवलं तरी तो आधी श्वासच घेणार. म्हणून खाद्याच्या डबीला हात लावायच्या आधी टँकसमोर शांत बसा आणि कल्ल्यांची उघडझाप बघा. सोबतच्या धडधाकट माशांपेक्षा ती बरीच जलद आहे का? मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून किंवा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा आहे का? तसं असेल तर खाद्य बदलण्यात घालवलेला प्रत्येक दिवस फुकट जातो.

दुसरी चूक याच्याच पोटातली. "थोडं तरी खाईल" म्हणून दिवसभर खाद्य टाकत राहणं. ते तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो, अमोनियानं कल्ले आणखी भाजतात आणि मासा खाण्यापासून आणखी लांब जातो. टाकलेलं खाद्य दहा मिनिटांत खाल्लं नाही तर नळीनं ओढून काढा.

पाणी न तपासता औषध टाकणं

अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही विषारी, शून्यच हवेत. "अगदी किंचित आहे" हे उत्तर आजारी माशासाठी चालत नाही. तापमान 25-26 अंश, घनता (खारेपणाचं माप) 1.025 च्या आसपास. ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असला तरी तो 35 पीपीटीच्या (दर हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणानं जुळवून घेतलेला हवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

कोल्हापुरात दोन गोष्टींकडे खास लक्ष द्यावं लागतं. पहिली म्हणजे घरातला आरओ, ज्याच्या पाण्यात आपण मीठ कालवतो. पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य येत नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ झालेलं असताना तर टीडीएस मीटर लावल्याशिवाय मीठ कालवूच नका. आणि मीठ म्हणजे टँकसाठी बनवलेलं मरीन सॉल्टच. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. रत्नागिरीहून कॅनमध्ये आणलेलं किनाऱ्याचं पाणीही पावसाळ्यात नको. नद्यांच्या पाण्यानं त्याचा खारेपणा उतरलेला असतो आणि गाळही असतो.

दुसरी म्हणजे वीज. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागांत वीज आणि नळाचं पाणी दोन्ही बंद होतं. बॅटरीवरचा एअर पंप आणि मिठाचं तयार पाणी भरलेला एखादा ड्रम जूनच्या आधीच घरात असू द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यातही हाच पंप कामाला येतो, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

नव्या माशाची पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडणं

यावर मी जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे मासे बहुतेक मुंबईहून रात्रीच्या गाडीनं येतात आणि या चुकीमुळे चांगले मासे जातात. बंद पिशवीत रात्रभर माशाचा अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडही साचल्यामुळे पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) उतरलेला असतो आणि त्या उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात आपण मासा तासभर ठेवतो. मग तो भाजलेले कल्ले घेऊन कोपऱ्यात बसतो आणि आपण म्हणतो, "खातच नाही."

पिशवी बंद असतानाच तरंगत ठेवून तापमान जुळवा. विक्रेत्याला घनता आधी विचारून क्वारंटाइन टँक (नवा मासा वेगळा ठेवायचा टँक) तितक्याच घनतेवर तयार ठेवा. पिशवी उघडली की घनता एकदा पडताळा आणि मासा लगेच आत सोडा, पिशवीतलं पाणी ओतून द्या. घनता पुढे काही दिवसांत सावकाश वाढवता येते. पहिले दोन-तीन दिवस मासा खात नसला तरी घाबरू नका. दिवे मंद ठेवा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका.

ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं समजणं

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट, हा परजीवीमुळे होणारा रोग. चार-पाच दिवसांत ते नाहीसे होतात आणि आपण निर्धास्त होतो. खरं तर परजीवी माशावरून उतरून तळाशी आपली संख्या वाढवत असतो आणि पुढच्या वेळी जास्त संख्येनं परततो. म्हणूनच मासे वेगळ्या टँकमध्ये हलवून मुख्य टँक 76 दिवस माशांविना ठेवायचा सल्ला दिला जातो, म्हणजे माशाअभावी परजीवी मरतो.

वेल्वेट हा दुसरा परजीवी रोग याहून घातक. अंधारात टॉर्च बाजूनं मारली तर अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते. पण तो बऱ्याचदा कल्ल्यांपासून सुरू होतो, त्यामुळे धूळ दिसायच्या आधीच मासा खाणं सोडतो, उजेड टाळतो, धापा टाकतो. इथे थांबून बघायला वेळ नसतो, मासा काही दिवसांत जातो.

गोड्या पाण्यातल्या सवयी इथे कामाच्या नाहीत. तापमान वाढवून व्हाइट स्पॉट जात नाही, उलट ऑक्सिजन घटतो. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, दोन्ही रोगांवर चालतं, पण फक्त वेगळ्या हॉस्पिटल टँकमध्ये. कोरल, कोळंबी, शंख त्यानं मरतात आणि लाइव्ह रॉक (टँकमधला जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र दगड) ते शोषून घेतो. बाटलीगणिक मात्रा वेगळी असते, म्हणून लेबल वाचा आणि टेस्ट किटनं रोज मोजा. कॉपरनं माशाची भूकही मंदावते. तेव्हा व्हाइट स्पॉट असलेल्या अशक्त माशाला मात्रा दोन-तीन दिवसांत चढवत न्या. वेल्वेटमध्ये मात्र ही सवलत नाही. कॉपर असताना अमोनिया मारणारं रसायन टाकू नका, बऱ्याच जोड्या माशालाच बाधतात. पाणी बदला.

आता खाद्य. श्वास सुरळीत झाला तरी मासा खात नसेल तर हलणारं खाद्य द्या. आर्टेमियाची (कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण 24 ते 36 तासांत फुटतात. सर्जनफिशला बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावा. बटरफ्लाय माशाला उघडा शिंपला द्या, पण बाजारातून आणलेला आधी गोठवून घ्या. मॅन्डरिन मासा तर बहुधा जिवंत कोपेपॉडवरच (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) जगतो, त्याला पेलेट दाखवणं बहुतेक वेळा व्यर्थ. लसणाच्या रसाचा बराच बोलबाला आहे. भूक चाळवली तर ठीक, पण त्यानं परजीवी मरत नाहीत.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येत असेल तर पोटातल्या परजीवीचा संशय धरा. मेट्रोनिडॅझोल हे औषध खाद्यातून जास्त लागू पडतं, पण न खाणाऱ्या माशासाठी ते हॉस्पिटल टँकच्या पाण्यातही देता येतं. डोक्यामागची पाठ सुरीसारखी धारदार दिसू लागली, तर मासा स्वतःचे स्नायू खर्च करतोय. अशा माशाला दिवसातून चार-पाच वेळा चिमूटभर द्या आणि पाठ भरेपर्यंत मुख्य टँकमध्ये, दांडग्या सोबत्यांमध्ये सोडू नका.