कॉलेजला जाणारे मूल एका बैठकीत खूप दारू पीत असेल, तर पालकांनी काय करावे?

"आमचा मुलगा रोज कुठे पितो, शनिवारी मित्रांसोबत कधीतरी घेतो," अशी अनेक पालक स्वतःची समजूत घालतात. परंतु तास-दोन तासांत भराभर पिणे हे एका रात्रीतही जीवघेणे ठरू शकते, म्हणून "पितोस का?" एवढ्यावर न थांबता "किती वेळात, किती?" हे विचारावे. "फक्त दोन बिअर" असे उत्तर आले, तर हिशेब करून पाहावा: आठ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या चार पेगांइतके अल्कोहोल असते, म्हणजे दोन बाटल्यांत आठ पेग झाले. हा हिशेब बहुतेक मुलांनी कधी केलेलाच नसतो, आणि तो मुलासोबत बसून कागदावर मांडला तर तासभराच्या उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे मला मनापासून वाटते.

मूल पिऊन घरी आले त्या रात्री वाद घालू नये. त्याला कुशीवर झोपवावे, एकटे सोडू नये आणि श्वासाकडे लक्ष ठेवावे. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित झाला असेल, अंग गार पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, किंवा नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये वा जवळचे जे रुग्णालय असेल तेथे तातडीने न्यावे.

बोलणे दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, नातेवाईक नसताना करावे. "तू आमचे नाव घालवलेस" असे म्हणण्याऐवजी जे पाहिले तेच सांगावे: "रात्री तुला जिना चढता येत नव्हता, मी घाबरले." मग मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे, मित्रांचा आग्रह, परीक्षेचा ताण की होस्टेलचा एकटेपणा, हे त्यातूनच कळते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी किमान वय २५ आहे, हेही स्पष्ट सांगावे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको, ती म्हणजे गाडी. अमरावती रोड किंवा वर्धा रोडवरच्या ढाब्यावरून रात्री दुचाकीने परतणारा मुलगा पिण्याइतकाच रस्त्यामुळेही धोक्यात असतो. म्हणून आधीच सांगून ठेवावे, "कितीही वाजले तरी फोन कर, मी घ्यायला येईन, रात्री एक शब्द विचारणार नाही," आणि फोन आला की ते पाळावे.

दर आठवड्याला हेच घडत असेल, आदल्या रात्रीचे आठवत नसेल किंवा पैसे चोरीस जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर पालकांनाही विनामूल्य सल्ला मिळतो. सकाळी हात थरथरत असतील, तर दारू घरीच एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.