फिरती सुशी: बशी उचलण्याआधी चहा करा

ओसाकात माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी कायतेन-झुशीला जातोच, म्हणजे मीच त्याला ओढून नेते. ही फिरत्या पट्ट्यावरची सुशी जन्मली इथेच. योशिआकी शिराइशी नावाच्या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि 1958 साली आजच्या हिगाशी-ओसाकात पहिलं दुकान काढलं. वाढपी कमी, म्हणून सुशी स्वस्त. अजूनही सगळा हिशेब तोच आहे, त्यामुळे इथे सगळं आपलं आपण करायचं असतं.

दारातल्या यंत्रावर माणसं किती, टेबल हवं की काउंटर, ते दाबा आणि नंबराची चिठ्ठी घ्या. रविवारी संध्याकाळी ताटकळत बसावं लागतं. मी जाते मधल्या वारी, दुपारी दोननंतर.

बसल्याबसल्या चहा. टेबलावर हिरव्या चहाच्या पावडरीचा डबा आणि भिंतीला काळं बटण असलेला नळ असतो. पावडर कपात टाकायची, कप बटणावर दाबायचा. नळातून येतं ते कढत पाणी, हात धुवायचं नव्हे. आमच्या मामेसासऱ्यांनी बोटं पुढे केली होती, मी मनगट धरलं म्हणून ते वाचले. त्यांच्या लेकाने तीच पावडर वासाबी, म्हणजे सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, समजून सोया सॉसमध्ये कालवली. खरी वासाबी बऱ्याच दुकानांत छोट्या पुड्यांमध्ये वेगळी मिळते.

आता पट्टा. 2023 च्या सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या किळसवाण्या चाळ्यांचे व्हिडिओ पसरले, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी पट्ट्यावर फक्त मागवलेलंच येतं. तेव्हा पडद्यावर भाषा बदला आणि मागवा. बशा पट्ट्यावरून किंवा छोट्या गाडीतून सुसाट येऊन तुमच्यासमोर थांबतात. सगळ्या उतरवून घ्या आणि बटण असेल तर दाबा, नाहीतर गाडी तिथेच खोळंबते. जिथे अजून सुशी फिरते, तिथे दुसऱ्याने मागवलेली बशी उचलू नका आणि एकदा हात लावलेली परत ठेवू नका. रिकामी बशीसुद्धा पट्ट्यावर जात नाही. कुरा-झुशी या साखळीच्या दुकानांत रिकाम्या बशा टेबलाच्या फटीत सोडतात. पाच झाल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो, जिंकलात तर खेळण्याची डबी मिळते. मुलं बरोबर असली की त्या पाचव्या बशीपायी मोठ्यांचं पोट फुटतं.

सरसकट 100 येनला बशी हे दिवस गेले. सुशिरो या मोठ्या साखळीने 2022 मध्ये तो भाव सोडला. आता सगळ्यात स्वस्त बशी शंभराच्या थोडी वर असते, शहराच्या मध्यवस्तीत आणखी महाग. चित्र नीट बघा. एरवी बशीत दोन तुकडे असतात, पण भारीतल्या टूनाच्या बशीत एकच असू शकतो. माझं स्पष्ट मत: स्वस्त दुकानात टूनाच्या मागे लागू नये, तो पाणचट लागतो. बांगडा, म्हणजे साबा, घ्या. तारली दिसली तर सोडू नका. आणि आजी. हो, त्या माशाचं नावच आजी, वर किसलेलं आलं आणि पातीचा कांदा. माझ्या भाचीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "मामी, आजी मागवू?" शेजारी सासूबाई बसलेल्या. त्या म्हणाल्या, "मागव की, बघू कशी लागते."

खाताना हात चालतो. सुशी आडवी करून माशाची बाजू सोयात टेकवा. भात बुडवलात तर तो विरघळून वाटीत बसतो. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद, गुंडाळलेल्या उभ्या सुशीवर, म्हणजे गुनकानवर, मी आल्याच्या लोणच्याच्या चकतीने सोया लावते. हे आलं, म्हणजे गारी, फुकट असतं.

शाकाहारी मंडळींनी काकडीचा रोल आणि नात्तो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रोल मागवावा, पण नात्तोच्या वासाची तयारी ठेवून. नात्तोबरोबर येणाऱ्या सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो, तो लावू नका. मिसो सूप आणि चावानमुशी, म्हणजे वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड, दिसायला निरागस, पण दोन्हींत बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. इनारीचा, म्हणजे भात भरलेल्या पिशवीचा, गोडसर तोफूही बऱ्याचदा दाशीतच शिजवलेला.

झालं की पडद्यावर हिशेबाचं बटण दाबा. बशा फटीत जात नसतील तर किमतीप्रमाणे रचून ठेवा, म्हणजे मोजणारीला सोपं जातं. पैसे दाराशी, टिप नाही. त्या दिवशी सासूबाईंच्या पुढ्यात नऊ बशा होत्या, त्यांतल्या चार आजीच्या.