पुढे रखडत चाललेला मालट्रक: ओव्हरटेक कसा करायचा आणि कधी नाही

लोड भरलेल्या ट्रकमागे अडकलात की आधी थोडं मागे राहा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. फाळक्याला चिकटतात, घडीघडी गाडी बाहेर काढून डोकावतात, परत आत घेतात. चिकटल्यावर पुढचं काही दिसत नाही, दिसत नाही म्हणून डोकं तापतं, आणि मग नको तिथे गाडी घातली जाते.

ट्रकचा मागचा भाग एखाद्या खांबापाशी पोचला की सावकाश चारपर्यंत मोजा. तुम्ही त्या खांबाशी त्यानंतरच पोचायला हवं. ताशी ५० किमी वेगाला हे अंतर साधारण ५५ मीटर होतं. ट्रकचे दोन्ही आरसे दिसत नसतील, तर ट्रकवाल्यालाही तुम्ही दिसत नाही आहात असं धरून चाला. मधल्या जागेत कुणी घुसलंच तर घुसू द्या आणि पुन्हा मागे व्हा.

ट्रक मुद्दाम रेंगाळतो हा समज आधी काढून टाका. ४० टन वजनाच्या ट्रेलरला ४०० अश्वशक्तीचं इंजिन असलं तरी टनामागे १० अश्वशक्तीच येते. १२०० किलोच्या, ९० अश्वशक्तीच्या कारला टनामागे ७५ मिळते. म्हणून ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, पाय पूर्ण दाबूनही असा ट्रेलर ३५-४० च्या पुढे जात नाही. हॉर्नने त्यात काडीचा फरक पडत नाही.

उतारावर तो हळू असतो ते मात्र जाणूनबुजून. सतत ब्रेक दाबला तर चाकातले ब्रेक ड्रम तापतात, त्यांवर घासणाऱ्या लायनरची पकड सुटत जाते आणि शेवटी पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) यांवर गाडी धरून उतरायचं असतं. अशा वेळी कट मारून त्याच्या पुढ्यात शिरणं आणि लगेच ब्रेक दाबणं याइतका वाईट बेत नाही. चाकांपाशी धूर दिसला किंवा जळका वास आला तर ओव्हरटेकचा विचारच सोडा. त्याच्या मागेच राहा, अंतर वाढवा.

आता दुपदरी रस्त्यावरच्या ओव्हरटेकचा हिशेब. ट्रेलर १६ मीटर लांब, वेग ५०, तुमचा ७०. वेग धरत बाहेर पडेपर्यंत मागे उरलेलं २५ मीटर अंतर, ट्रेलरची लांबी, तुमच्या गाडीचे ४ मीटर आणि पुढे शिरताना सोडायचे २५, असे एकूण ७० मीटर तुम्हाला ट्रकपेक्षा जास्त कापायचे आहेत. वेगातला फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. वेळ लागतो साडेबारा सेकंद, आणि तेवढ्यात तुम्ही जवळजवळ २४५ मीटर पुढे गेलेले असता. समोरून कुणी ७० नेच येत असेल तर तोही तेवढाच जवळ आलेला असतो. थोडी शिल्लक धरली तर ६०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. वळण, चढाचा माथा, पूल किंवा फाटा यांच्या अलीकडे तेवढा दिसत नाही, म्हणून तिथे थांबायचं. कायद्याने मनाई असलेल्या जागी तर प्रश्नच नाही.

रस्ता मोकळा दिसला की आरसा बघा, मागून कुणी आधीच निघालेलं नाही ना याची खात्री करा, इंडिकेटर द्या आणि एक गिअर खाली घ्या. मागे राखलेलं अंतर इथे कामी येतं: वेग बाहेर पडायच्या आधीच धरता येतो. ट्रकच्या बाजूला रेंगाळू नका. त्याचा तापलेला टायर फुटला तर तुकडे तुमच्यावर येतात. केबिन ओलांडताना वाऱ्याचा झोत बदलतो, स्टिअरिंग किंचित ओढलं जातं. दोन्ही हातांनी धरा. आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट पूर्ण दिसले की मगच आत या.

ट्रकने इंडिकेटर देऊन ‘जा’ म्हटलं तरी ती खूण अर्धवटच समजा. तो कदाचित स्वतःच वळणार असेल. पुढची कार गेली म्हणून तिच्या मागोमाग निघणं हीसुद्धा नेहमीची चूक. तिला दिसलेला मोकळा रस्ता काही सेकंदांपूर्वीचा होता.

इतका खटाटोप करून वाचतं किती? १० किमी अंतर ६० ऐवजी ४० ने कापलं तर ५ मिनिटं जास्त लागतात. रस्ता दोन-तीन किलोमीटरवर चौपदरी होणार असेल तर गप्प मागे चाला.

वस्तीत माल उतरवणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. मागे लिफ्टचा पाटा असेल तर तो खाली येऊन त्यावरून ट्रॉली ओढायला काही मीटर मोकळी जागा लागते. दहा मीटर मागे थांबलात तर माल भराभर उतरतो आणि तुम्हालाही गाडी वळवून निघता येतं. लांब गाडी वळण्याआधी उलट्या बाजूला सरकली, तर आतल्या बाजूला पडलेल्या फटीत दुचाकी घालू नका. मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून येतात आणि ती फट बुजते.

ट्रकवाल्यांच्या हातातही बरंच असतं. मागे रांग लागली की सपाट, सरळ, पक्क्या बाजूपट्टीच्या जागी दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या. चढावर थांबू नका, भरल्या गाडीला पुन्हा उचलणं जड जातं. आणि चौपदरीवर ७८ ने चाललेल्या ट्रकला ८० ने ओव्हरटेक करायला जवळजवळ अडीच मिनिटं आणि तीन किलोमीटरहून जास्त रस्ता लागतो. ज्याला ओलांडलं जातंय त्याने वेग ५ ने कमी केला, तर हेच काम पाऊण मिनिटात उरकतं.