रंगाखाली अडकलेले स्क्रू काढताना या चुका टाळा

पुण्याच्या पेठांतील जुन्या घरांची डागडुजी करताना सर्वांत जास्त वेळ जातो तो बिजागऱ्यांचे आणि कडी-कोयंड्यांचे स्क्रू काढण्यात. सागवानी चौकटीवर दर काही वर्षांनी ऑईल पेंटचा नवा हात चढतो, त्याखाली स्क्रूची खाच बुजून जाते आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या लाकडात लोखंडी आटे गंजून फुगतात. असा स्क्रू दोन ठिकाणी धरलेला असतो: डोक्याभोवती रंगाने आणि आत गंजाने. या दोन पकडी वेगवेगळ्या आहेत हे लक्षात न घेता जोर लावला की खाचेच्या कडा घासून जातात, आणि स्क्रू फिरवण्यासाठी आपल्या हाती तर त्या खाचेशिवाय दुसरे काहीच नसते.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खाच साफ न करता पेचकस लावणे. नारायण पेठेतील आमच्या जुन्या घराचे दार उतरवताना मी स्वतः ही चूक केली होती. सहापैकी तीन स्क्रूंच्या खाचा पहिल्या पाच मिनिटांत गेल्या आणि उरलेली दुपार ते तीन स्क्रू ड्रिलने कापण्यात गेली. त्यानंतर मी नेहमी एकच क्रम पाळतो. आधी धारदार कटरने डोक्याभोवती रंगात गोल चीर पाडावी, म्हणजे बाजूच्या रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. मग हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा किंवा जुना बारीक पेचकस खाचेत तिरका धरून हातोडीने हलके ठोकत रंग उकरावा. खाचेच्या तळाशी चकाकता धातू दिसेपर्यंत थांबू नये, कारण तळाशी उरलेला रंगाचा पातळ थरसुद्धा पेचकसाला पुरते खाली बसू देत नाही. हा रंग कोरडा घासून मात्र काढू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे, पृष्ठभाग ओला करून घ्यावा, तोंडाला धूळ रोखणारा मास्क लावावा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावे.

दुसरी चूक हाताला लागेल तो पेचकस वापरण्याची. अधिक चिन्हाच्या बहुतेक घरगुती स्क्रूंना दोन नंबरचे टोक लागते, जाड स्क्रूंना तीन नंबरचे. लहान टोक आत सैल बसते, जोर लावताच वर उसळते आणि प्रत्येक वेळी थोडी कड खाऊन जाते. सरळ खाचेसाठी पात्याची रुंदी डोक्याच्या व्यासाइतकी आणि जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी हवी. पाते झिजून गोल झाले असेल तर नवे घ्यावे. रविवार पेठेतील बोहरी आळीत असा चांगला पेचकस सहज मिळतो. पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्यावेत, त्याने गंजाची पकड हलते. त्यानंतर स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवावा आणि मगच उलटा; सारा जोर फिरवण्यावर न देता निम्म्याहून अधिक जोर आत दाबण्यावर द्यावा.

तेलाचा फवारा मारून लगेच पेचकस लावणे हीही नेहमीची चूक आहे. गंज सोडवणारे तेल आट्यांत झिरपायला वेळ लागतो, त्यामुळे थेंबभर टाकून काही तास, जमल्यास रात्रभर, तसेच ठेवावे. लाकडात मात्र हा उपाय बेताने करावा, कारण मुरलेले तेल डाग पाडते आणि त्यावर पुढे पॉलिश किंवा रंग धरत नाही. माझ्या मते सागवानी चौकटीसाठी उष्णता अधिक चांगली: रंग पूर्ण काढून झाल्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर काही मिनिटे टेकवावे आणि स्क्रू निवल्यावर प्रयत्न करावा. तापून प्रसरण पावताना आणि निवताना स्क्रू लाकडापासून सुटतो. ज्या स्क्रूला तेल किंवा थिनर लावले आहे, त्याला उष्णता देऊ नये. ते पेट घेऊ शकते.

स्विचबोर्डचे स्क्रू भिंतीच्या रंगाखाली गेले असतील, तर मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्याशिवाय हात लावू नये, आणि तिथे तेलाचा फवारा अजिबात मारू नये.

खाच गेल्यावरही घाई नडते. खाच थोडीच झिजली असेल तर खाच आणि पेचकसाचे टोक यांच्यामध्ये रुंद रबर बँड धरून पाहावे. गंजलेल्या स्क्रूवर त्याचा उपयोग होत नाही. डोके वर आलेले असेल तर व्हाईस ग्रिपने, म्हणजे आवळून जागीच अडकवता येणाऱ्या पक्कडीने, पकडावे. नाहीतर मध्यभागी पंचने (टोकदार पोलादी खिळ्यासारख्या हत्याराने) खूण करून ड्रिलने फक्त डोके उडवावे, बिजागरी काढून घ्यावी आणि उरलेला दांडा पक्कडीने फिरवावा. दाराचे वजन एकाच स्क्रूवर येऊन तो वाकू नये म्हणून हे सारे करण्यापूर्वी दाराखाली पाचर ठोकावी, खालची बिजागरी आधी सोडवावी आणि वरची शेवटी.

परत बसवताना सैल झालेल्या छिद्रात फेव्हिकॉल लावलेली सागाची काडी ठोकून, ती वाळल्यावर नवे बारीक छिद्र पाडावे. पितळी स्क्रू मऊ असल्याने कडक सागात पिळून तुटतो. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून काढावा आणि मग पितळी स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासून तो हातानेच आवळावा. पुढच्या वेळी रंगारी येईल तेव्हा बिजागऱ्यांवर आधी मास्किंग टेप चिकटवून घ्यावी.