वाइनच्या बागेत थॉमसनची सवय नको

दिंडोरी तालुक्यात आमची थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाची बाग आहे आणि वाइनच्या द्राक्षांचीही. थॉमसनवर हात बसलेला मजूर शिराझ या वाइनच्या द्राक्षाच्या ओळीत शिरला की घड फिरवून फिरवून बघतो. मणी बारके, आत बिया, म्हणून नाक मुरडतो. त्याला पहिलं सांगायचं: इथे रूप बघायचं नाही, रस बघायचा.

हंगाम साधारण जानेवारीअखेर ते मार्च. शेनिनसारखी पांढऱ्या वाइनची द्राक्षं आधी, शिराझ आणि कॅबरने ही लाल वाइनची मागून. तोडणीची तारीख द्राक्षं घेणाऱ्या वाइन कंपनीचा माणूस देतो, तरी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, आपण स्वतः बघावा. एखादा छान घड तोडून मोजलात तर फसाल. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले, सावलीतले, घडाच्या खांद्यावरचे आणि शेंड्याचे असे शंभरेक मणी पिशवीत चुरडा, रस गाळा, मग थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्रावर ठेवा. त्याआधी काच डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणलेली हवी. पांढऱ्याला २१-२२, लालला २३-२४ च्या आसपास आकडा आला की मजूर सांगून ठेवा. लालची बीही चावून बघा. हिरवट असेल तर थांबा. तपकिरी होऊन कुडकुडीत लागली की तोडा.

भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारत असाल तर कंपनीने दिलेल्या मुदतीत बंद करा. ते मण्यावर राहिलं तर वाइनच्या टाकीत सडक्या अंड्यासारखा वास येतो.

तोडणी पहाटेच, बॅटरी डोक्याला लावून. ऊन चढलं की फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबायला लागतो, म्हणून नऊच्या पुढे मी कात्री ठेवायला लावते. मुकादम कुरकुरतो, कुरकुरू दे. दव असेल तर मात्र ते उडेपर्यंत थांबा, पाणी रसात जायला नको.

देठाला धरून कापा. सडका भाग वेलीवरच काढून टाका, पान क्रेटमध्ये पडू देऊ नका. क्रेट धुतलेले, कोरडे, आणि काठाच्या चार बोटं खाली भरलेले. गच्च भरून थप्पी लावली तर खालच्याचा चिखल होतो. भरलेले क्रेट लगेच सावलीत न्या.

गाडी गेली, वजनाची पावती हातात आली की बागेला पाणी सोडा. एप्रिलच्या छाटणीपर्यंत वेलीला विसावा हवा.