युद्धकाळात लिहिताना कायद्याची मर्यादा कशी ओळखावी

आधी हे पाहावे की युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी पुकारली आहे का. १९६२ आणि १९७१ मध्ये ती पुकारली गेली होती. १९९९ च्या कारगिल संघर्षात मात्र नाही. अशी आणीबाणी लागू असेल तर अनुच्छेद ३५८ मुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद १९ चे संरक्षण निलंबित होते, आणि एरवी न्यायालयात टिकले नसते असे निर्बंधही सरकार घालू शकते. ती नसेल, तर युद्ध चालू असले तरी अनुच्छेद १९(२) मधील नेहमीच्याच मर्यादा लागू राहतात.

त्यानंतर आपल्या मजकुरातील मत आणि माहिती वेगळी करावी. युद्ध चुकीचे आहे, सरकारने वाटाघाटी कराव्यात, संरक्षण खर्चाचा हिशेब द्यावा, असे म्हणणे हे मत आहे आणि ते कितीही झोंबणारे असले तरी तेवढ्याने गुन्हा होत नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा कल ही कसोटी घालून दिली. ती जुन्या भारतीय दंड संहितेतील राजद्रोहाच्या १२४अ कलमासाठी होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील, देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणण्याविषयीच्या कलम १५२ ची भाषा अधिक सैल आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणून सशस्त्र बंडाचे किंवा फुटीरतेचे समर्थन वाटेल अशी वाक्ये दोनदा तपासावीत. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९१६ साली, टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारा आदेश निघाला, तेव्हा जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने भाषणे समग्र वाचून तो आदेश रद्द केला. परकीय सरकारच्या न्यायालयालाही जे शक्य झाले, ते आजच्या न्यायालयाकडून अपेक्षिणे गैर नाही.

माहितीच्या बाबतीत मात्र हेतू चांगला असल्याचा फारसा उपयोग नाही. सैन्याच्या हालचाली, तळांची छायाचित्रे, मारा झालेल्या जागेचा नेमका पत्ता यांपैकी काहीही अधिकृतपणे जाहीर होण्याआधी टाकू नये. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अशा प्रकारांसाठीच आहे. मुंबईवरील २६/११ हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले होते. शत्रूला जाणूनबुजून मदत करण्याचा प्रश्न आला की विषय अभिव्यक्तीचा उरतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या, भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कलम १४७ मध्ये मृत्युदंडाचीही तरतूद आहे.

पोलिसांची नोटीस आलीच, तर मजकूर घाईने पुसू नये. मूळ लेख किंवा संपूर्ण ध्वनिमुद्रण जपून वकिलाकडे द्यावे.